किल्लारीचा भूकंप (१९९३) : धोका, जोखीम आणि ग्रामसमूहाची भेद्यता

सारांश

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर झालेल्या भूकंपात शासकीय नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत हा भूकंप मध्यम स्वरूपाचा होता. त्यातील मनुष्यहानी मात्र असाधारण होती. या विसंगतीचे स्पष्टीकरण धोका, जोखीम व भेद्यता या तीन संकल्पनांच्या आधारे करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. भेद्यता म्हणजे केवळ दारिद्र्य नव्हे, तसेच ती कायमस्वरूपी एकाच रूपात राहत नाही, हा या लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे. किल्लारीत आघाताच्या क्षणी जड दगडी घर असणारा अधिक भेद्य होता. पुनर्वसनाच्या काळात मात्र भूमिहीन व अल्पभूधारक अधिक भेद्य ठरला.

बीजशब्द : भूकंप, धोका, जोखीम, भेद्यता, माळवद, पुनर्वसन.

१. प्रस्तावना

कोणतीही मोठी आपत्ती कोसळली की तिचे वर्णन ‘निसर्गाचा कोप’ अशा शब्दांत केले जाते. दुःखाच्या प्रसंगी ही भाषा स्वाभाविक असली तरी अभ्यासाच्या दृष्टीने ती अपुरी आहे. निसर्गाने घडविलेली घटना आणि समाजावर कोसळलेली आपत्ती या दोन भिन्न गोष्टी होत. निर्जन वाळवंटात तीव्र भूकंप झाला तर ती भूशास्त्रीय घटना असते, आपत्ती नव्हे. घटनेचे रूपांतर आपत्तीत होते ते मनुष्यवस्तीमुळे आणि त्या वस्तीच्या रचनेमुळे.

गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास जमीन हादरली. तेरणा नदीच्या खोऱ्यातील किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठ सांगवी, तळणी, मंगरूळ यांसारखी गावे काही सेकंदांत ढिगाऱ्यात रूपांतरित झाली. बावन्न गावे इतकी उद्ध्वस्त झाली की त्यांचे अन्यत्र पुनर्वसन करावे लागले. सुमारे १६,००० माणसे जखमी झाली आणि हजारो जनावरे दगावली. या घटनेला तीन दशके उलटून गेली आहेत. भूकंपानंतर जन्मलेली पिढी आता स्वतःचे घर बांधू लागली आहे. त्यामुळे त्या पहाटेचे विश्लेषण हा केवळ इतिहासाचा विषय राहत नाही.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

इंग्रजीतील ‘हॅझर्ड’, ‘रिस्क’ व ‘व्हल्नरेबिलिटी’ या संज्ञांसाठी प्रस्तुत लेखात अनुक्रमे धोका, जोखीम व भेद्यता हे शब्द योजले आहेत.

धोका म्हणजे हानी घडविण्याची क्षमता असलेली नैसर्गिक अथवा मानवनिर्मित घटना. तिचे स्थान, तीव्रता व पुनरावृत्तीची शक्यता यांवरून धोक्याचे मोजमाप केले जाते. भूकंपाच्या बाबतीत मनुष्य धोका टाळू शकत नाही.

भेद्यता म्हणजे त्या घटनेचा आघात झाल्यास व्यक्ती, घर किंवा समूह किती प्रमाणात मोडून पडेल आणि पुन्हा उभा राहण्याची त्याची शक्ती किती कमी आहे, याची अवस्था. ती भौतिक, आर्थिक, सामाजिक व संस्थात्मक अशा अनेक प्रकारची असते.

जोखीम म्हणजे विशिष्ट धोका विशिष्ट समूहावर येऊन आदळल्यास संभवणारी हानी. ती ठरविताना धोका व भेद्यता यांच्या जोडीला आघाताच्या कक्षेत किती माणसे व किती मालमत्ता आहे, याचाही विचार करावा लागतो. या घटकांचे नाते बेरजेचे नसून गुणाकाराचे मानले जाते. याचा अर्थ असा की धोका लहान असला तरी भेद्यता प्रचंड असल्यास जोखीम मोठी होते. धोका तसाच राहिला, पण भेद्यता निम्मी झाली, तर जोखीमही निम्म्यावर येते. किल्लारीचे उदाहरण या सूत्राचा प्रत्यय देणारे आहे.

३. धोक्याचे स्वरूप

भूकंपाची महत्ता आणि तीव्रता यांत फरक करणे आवश्यक आहे. महत्ता ही भूगर्भात मुक्त झालेल्या ऊर्जेशी निगडित असते, तर तीव्रता ही एखाद्या ठिकाणी जाणवलेल्या हादऱ्याचा परिणाम दर्शविते. किल्लारी भूकंपाची महत्ता मोमेंट मापनानुसार ६.२, तर भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदीनुसार ६.४ होती. त्याचे नाभीकेंद्र जमिनीखाली सुमारे १० ते १२ किलोमीटर, म्हणजे उथळ होते. त्यामुळे ऊर्जा दूरवर विरळ होण्याऐवजी लहान क्षेत्रात केंद्रित झाली आणि सर्वाधिक विध्वंस किल्लारीभोवतालच्या मर्यादित टापूतच आढळला.

या प्रदेशाची भूरचना दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची आहे. किल्लारी परिसरात या खडकाची जाडी सुमारे साडेतीनशे मीटर असून त्याखाली अतिप्राचीन स्फटिकमय खडक आहे. भूकवचाच्या पट्टांच्या सीमांपासून दूर असलेला हा भाग ‘स्थिर खंडीय प्रदेश’ म्हणून ओळखला जात असे. अशा प्रदेशातही प्राचीन भ्रंशांवर ताण साचून भूकंप होऊ शकतात, हे किल्लारीने जगाच्या निदर्शनास आणले. तेरणेवरील माकणी येथील जलाशयाचा या भूकंपाशी काही संबंध आहे काय, यावरही शास्त्रज्ञांत चर्चा झाली. तथापि त्याबाबत एकमत झालेले नाही.

धोक्याचा अंदाज चुकण्याचा प्रकार महाराष्ट्रास नवा नव्हता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयना परिसरात असाच भूकंप झाला. त्यानंतर देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात दुरुस्ती करण्यात आली. किल्लारी परिसर १९९३ साली सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित मानकात पहिले क्षेत्र दुसऱ्यात विलीन करण्यात आले व किल्लारी परिसराचा समावेश तिसऱ्या क्षेत्रात झाला. दोन्ही वेळी नकाशा बदलला तो आपत्तीनंतर. म्हणजेच अशा नकाशात प्रामुख्याने भूतकाळातील ज्ञात भूकंपांची नोंद असते. ‘कमी धोक्याचे क्षेत्र’ याचा अर्थ ‘सुरक्षित क्षेत्र’ असा घेणे ही घोडचूक होय.

४. जोखीम : समान धोका, असमान हानी

किल्लारीनंतर चारच महिन्यांच्या आत, १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास, अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे ६.७ महत्तेचा भूकंप झाला. अर्ध्या अंकाचा हा फरक ऊर्जेच्या भाषेत पाचपटीहून अधिक आहे. वेळ झोपेचीच आणि वस्ती दाट शहरी होती. तरीही मृतांची संख्या सुमारे ६० होती. तेथील बहुसंख्य राहती घरे लाकडी सांगाड्याची व हलक्या छताची होती. ती तडकली, वाकली, परंतु सहसा माणसावर कोसळली नाहीत.

परदेशाचे उदाहरण दूरचे वाटत असेल तर कोयनेकडे पाहावे. किल्लारीच्या तोडीच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्यू पावली. कोयनानगर परिसरातील दगडी इमारतींची तेथेही मोठी पडझड झाली. परंतु सह्याद्रीच्या डोंगराळ भागातील वस्ती विरळ होती आणि मुसळधार पावसाच्या त्या प्रदेशात मातीचे सपाट, जड छप्पर टिकणारेच नव्हते. म्हणजे एकाच राज्यात, जवळपास सारख्याच धोक्यातून, हानीचे प्रमाण चाळीस पटींनी भिन्न झाले.

वेळेचाही विचार आवश्यक आहे. सप्टेंबरअखेर हा खरिपाच्या कामांचा काळ असतो. हाच धक्का सकाळी अकरा वाजता बसला असता तर त्याच भिंती, तशाच पडल्या असत्या. परंतु बहुसंख्य माणसे शेतात असती. मालमत्तेची हानी तेवढीच, मनुष्यहानी मात्र कितीतरी कमी झाली असती. जोखीम ही केवळ स्थानावर नव्हे, तर घटिकेवरही अवलंबून असते.

५. भेद्यता : माळवदाच्या घराची मीमांसा

या भूकंपात माणसे मेली ती प्रामुख्याने भिंती व छत अंगावर पडल्यामुळे. म्हणून घराची रचना समजून घेतल्याशिवाय भेद्यतेचे विवेचन पूर्ण होऊ शकत नाही.

मराठवाड्यातील पारंपरिक घराच्या भिंती काळ्या दगडाच्या, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या आणि दोन ते चार फूट जाडीच्या असत. वरून ही भिंत एकसंध वाटत असली तरी प्रत्यक्षात त्या दोन स्वतंत्र भिंती असत. आतील व बाहेरील अंगाला मोठे दगड, मधल्या पोकळीत लहान दगड व मातीचा भराव, अशी ती रचना होती. दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड अभावानेच वापरलेले असत. बहुतेक ठिकाणी दगड घडीव नसून ओबडधोबड होते. धक्का बसताच दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटली, मधला भराव खाली सरकला आणि भिंत आतून फुटल्यासारखी कोसळली.

छताची गोष्ट याहूनही बोलकी आहे. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर, असे हे माळवद. पाणी गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी नवी माती टाकली जाई. जुना थर सहसा काढला जात नसे. त्यामुळे पिढ्यानुपिढ्या छताचे वजन वाढत गेले. मातीचे वजन घनमीटरला सुमारे १.६ टन धरले, तर अर्धा मीटर जाडीच्या माळवदाचा भार चौरस मीटरला सुमारे ०.८ टन होतो. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा लहानशा खोलीवरही सात टनांहून अधिक माती होती. घराची निगा राखण्यासाठी केलेली कृतीच घराची जोखीम वाढवीत होती, हे या विषयातील सर्वांत दुःखद सत्य होय.

तथापि, या बांधकामास अज्ञान म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या तापमानात जाड भिंत व मातीचे छत घर थंड ठेवत असे. दगड शेतात व विहिरीच्या खोदकामात सहज मिळे. लाकूड दुर्मीळ व महाग होते. जाड भिंत चोरापासून संरक्षण देई आणि घराण्याच्या प्रतिष्ठेचेही ते लक्षण होते. ज्या धोक्यांचा अनुभव दरवर्षी येत होता, त्यांवर हे घर उत्तम उत्तर होते. जो धोका कोणाच्याच स्मरणात नव्हता, त्याला मात्र या घरात स्थान नव्हते.

याच गावांत काही घरांचे माळवद लाकडी खांब व तुळयांच्या सांगाड्यावर, म्हणजे खणांवर, स्वतंत्रपणे पेललेले होते. अशा काही घरांच्या भिंती ढासळल्या, तरी सांगाडा उभा राहिला व आतील माणसांना वाचण्यास अवकाश मिळाला. कुडाच्या भिंतींच्या व गवताच्या किंवा पत्र्याच्या छपराच्या झोपड्या हलक्या असल्याने त्यांतील बहुतेक माणसे बचावली. हे निरीक्षण सैद्धान्तिक दृष्ट्या महत्त्वाचे आहे. आपत्तीविषयक लेखनात भेद्यता व दारिद्र्य हे शब्द जवळजवळ समानार्थी वापरले जातात. किल्लारीत मात्र गावकुसाबाहेरील झोपडीपेक्षा गावातील दगडी वाडा अधिक घातक ठरला.

घराच्या भेद्यतेत गावाच्या रचनेची भर पडली. दाट गावठाण, अरुंद बोळ व दोन्ही बाजूंना उंच भिंती यांमुळे घराबाहेर धावलेल्यांनाही मोकळी जागा नव्हती. ढिगाऱ्यांनी बोळ बुजल्यामुळे मदतपथकांना आत शिरणे अवघड झाले. प्रारंभीच्या तासांत ढिगारे उपसले ते वाचलेल्या गावकऱ्यांनी, बहुतांशी हातांनीच.

६. माहितीची भेद्यता : १९९२ चे धक्के

भूकंपापूर्वी सुमारे एक वर्ष, १९९२ च्या उत्तरार्धात, किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती. ऑक्टोबर महिन्यातील एक धक्का सुमारे ४.५ महत्तेचा होता. घरांना तडे गेले, लोक भयभीत झाले आणि अनेकांनी काही काळ घराबाहेर मुक्काम केला. पुढे धक्के कमी झाले आणि जीवन पूर्ववत झाले.

त्या धक्क्यांवरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करणे शक्य नव्हते. आजही भूकंपाची अचूक तारीख व वेळ सांगणारे शास्त्र उपलब्ध नाही. परंतु प्रश्न भाकिताचा नव्हताच. धोका निश्चित ठाऊक नसतानाही भेद्यता डोळ्यांसमोर होती. माळवदावरील माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसविणे, लाकडी टेकू देणे, रात्री अंगणात झोपणे, हे उपाय भाकितावाचून करता आले असते. त्यासाठी गावातील भीती, शास्त्रज्ञांची नोंद आणि गवंड्याचे कौशल्य यांना जोडणारी यंत्रणा हवी होती. ती त्या काळी अस्तित्वात नव्हती. ‘भूकंप होईल काय?’ हाच प्रश्न विचारला गेला. ‘झाला तर हे घर टिकेल काय?’ हा प्रश्न विचारला गेला नाही. पहिल्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्याचे उत्तर कोणताही जाणता अभियंता भिंत पाहून देऊ शकला असता.

७. पुनर्वसन : भेद्यतेचे स्थलांतर

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबविण्यात आला. व्याप्तीच्या दृष्टीने तो देशातील तोवरच्या मोठ्या पुनर्वसन प्रयत्नांपैकी एक होता. बावन्न गावे शासन व विविध दात्या संस्थांनी नव्या जागी वसविली. याशिवाय तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी हप्त्याहप्त्याने अर्थसाहाय्य देण्यात आले. या दुसऱ्या भागात बांधकामाची जबाबदारी घरमालकाकडेच होती. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केले. घरबांधणीच्या व्यवहारात स्त्रियांचा सहभाग ही या कार्यक्रमाची मोलाची देणगी होय.

पुनर्वसित गावांतील घरांचे क्षेत्रफळ भूधारणेनुसार ठरविण्यात आले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरपर्यंत ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट, अशी ही विभागणी होती. मोठ्या शेतकऱ्याला धान्य व अवजारांसाठी जागा लागते, हा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. भूमिहीनास पक्के घर मिळाले, हेही खरे. परंतु कुटुंबातील माणसांची संख्या हा निकष राहिला नाही. ज्याची झोपडी भूकंपात जीव वाचवून गेली, त्याच्या वाट्याला सर्वांत लहान घर आले. आघाताच्या क्षणी उलटे झालेले गरीब-श्रीमंतीचे गणित पुनर्वसनात पुन्हा सुलटे झाले.

नवी गावे रुंद व सरळ रस्त्यांची आणि विस्तीर्ण क्षेत्रावर पसरलेली होती. भूकंपाच्या दृष्टीने ती सुरक्षित असली तरी शेतीजीवनाच्या दृष्टीने अनेक अडचणी उद्भवल्या. शेत दूर गेले, गोठ्यास जागा अपुरी पडली, जुना शेजार विस्कटला, आणि रस्ते व नळयोजना यांच्या देखभालीचा भार ग्रामपंचायतींना पेलवेना. कुटुंब वाढले तसे लोकांनी घरास खोल्या जोडल्या. काही ठिकाणी त्यासाठी जुन्या गावातील दगडच वापरले गेले. अशा रीतीने भूकंपरोधक घराला लागून पुन्हा भेद्य भिंत उभी राहिली.

मजबुतीकरणाच्या बाबतीतही असाच अनुभव आला. जुन्या भिंतीत आरपार काँक्रीटचे सांधे बसविणे, भिंतींना सलग पट्टा देणे, छतावरील माती कमी करणे, ही तंत्रे उपलब्ध होती व तुलनेने स्वस्तही होती. परंतु दगडी भिंतीवरील लोकांचा विश्वासच उडाला होता. अनेकांनी मिळालेल्या रकमेतून विटा व सिमेंटची एक नवी खोली बांधणे पसंत केले. जुने घर मजबुतीविना तसेच राहिले आणि जागेच्या निकडीने वापरातही राहिले.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) किल्लारीतील मनुष्यहानीचे मुख्य कारण भूकंपाची महत्ता हे नसून उथळ केंद्र, पहाटेची वेळ व जड, असंधित दगडी घरे यांचा संयोग हे होते. यांपैकी केवळ घरे मनुष्याच्या नियंत्रणात होती.

(२) भेद्यता ही दारिद्र्याची छाया नव्हे. ती धोक्यागणिक व टप्प्यागणिक बदलते. भूकंपात वाडा, पुरात नदीकाठची झोपडी आणि पुनर्वसनात भूमिहीन कुटुंब अधिक भेद्य असते. म्हणून ‘दुर्बल घटक’ अशी एकच यादी सर्व आपत्तींसाठी पुरेशी नाही.

(३) भूकंपक्षेत्रांचा नकाशा हे मार्गदर्शनाचे साधन आहे, सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे.

(४) नवे घर देणे म्हणजे भेद्यता दूर करणे नव्हे. गवंड्याचे ज्ञान व घरमालकाची खात्री बदलली नाही, तर पुढच्या खोलीच्या भिंतीत जुनी चूक परत येते.

९. सूचना

२१ मार्च २०२४ रोजी हिंगोली, नांदेड व परभणी परिसरात ४.५ महत्तेचा धक्का जाणवला, तेव्हा पत्र्याच्या छपरावर ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असे आवाहन नांदेडच्या प्रशासनाने नागरिकांना केले. सूचना साधी, परंतु नेमकी होती. भूकंप केव्हा होईल हे न सांगता काय पडेल, हे तिने सांगितले. किल्लारीच्या अनुभवाचा अर्थ इतकाच सोपा व इतकाच व्यावहारिक आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा पातळीवर यंत्रणा निर्माण केली. तिच्या आराखड्यात गावागणिक घरांची नोंद असणे इष्ट ठरेल : माळवदाची जाडी किती, भिंतीत आरपार दगड आहेत काय, छत भिंतीवर टेकलेले आहे की लाकडी खांबांवर, त्या घरात रात्री किती माणसे झोपतात. ही पाहणी खर्चिक नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत, अभियांत्रिकी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली, एका गावाची नोंद आठवडाभरात पूर्ण होऊ शकते. तिच्या जोडीला स्थानिक गवंड्यांचे प्रशिक्षण व संवाद सहायकांच्या प्रयोगाचे पुनरुज्जीवन झाल्यास पाहणी केवळ कागदावर राहणार नाही.

बावन्न गावे नव्याने वसली. त्या गावांच्या पलीकडे, पुनर्वसनाच्या यादीत कधीच न आलेली मातीच्या गाऱ्यातील दगडी घरे मराठवाड्यात आजही वापरात आहेत. त्यांच्या माळवदावरील मातीचा एखादा थर उतरविण्यास भूकंपाची वाट पाहण्याचे कारण नाही.